‘येते’ म्हणायचं असतं

(१९८५ साली दहावी झालेल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू परभणीत राहिलेला माणूस, तेव्हा इथल्या चाळीस वर्षांबद्दल बोल.’ मी म्हटलं, चाळीस वर्षांबद्दल बोलायला लागलो तर मागं वाढलेली पानं थंड होतील. त्यापेक्षा एका दिवसाबद्दल बोलतो. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला दिवस. त्या दिवशी आम्ही घरचे सहा आणि ड्रायव्हर, असे सात जण परभणीहून हैदराबादच्या विमानतळावर गेलो आणि सहा जण परत आलो. एवढीच गोष्ट आहे. पण इथं बसलेल्यांपैकी निम्म्याअधिक लोकांनी असा एक दिवस काढलेला आहे, कुणी मुंबईच्या, कुणी पुण्याच्या, कुणी संभाजीनगरच्या विमानतळावर. ज्यांनी काढला नाही, त्यांनी लवकरच काढायचा आहे. म्हणून ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही.

आपल्या गावाबद्दल दोन म्हणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. पहिली, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ दुसरी, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ पहिलीचा अर्थ मला माझ्याच नातेवाइकांनी समजावून सांगितला, कारण तुम्ही सगळे बाहेर पडलात आणि मी इथं कृषी सेवा केंद्र टाकून बियाणं आणि खत विकत बसलो. दुसरीचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षापर्यंत कळलेला नव्हता. माझी मुलगी आपल्याच कृषी विद्यापीठातून, म्हणजे १९७२ साली सुरू झालेल्या आपल्या परभणीच्या विद्यापीठातून, कृषी अभियांत्रिकी शिकली, आणि पाण्याच्या व्यवस्थापनाचं पुढचं शिक्षण घ्यायला निघाली ती जर्मनीला. तेव्हा दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी मला ती म्हण ऐकवून हसायचा. मीही हसायचो. परभणीची पोरगी पाणी शिकायला परदेशात चालली, यात हसण्यासारखं होतंच.

ती एकटी नव्हती. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय मुलांची संख्या ४९ हजारांच्या वर होती, आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपली मुलं सगळ्यात जास्त होती. कारण सरळ आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण फी नाही म्हणजे खर्च नाही, असं नाही. मुलाच्या नावावर वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून ठेवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरात तो आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४ युरो झाला. रुपयांत किती होतात ते मी सांगत नाही, सरांनी गणित शिकवलेलं आहे, तुम्ही करा. आम्ही घर तारण ठेवून कर्ज काढलं.

तयारीचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. घरात महालक्ष्म्या झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बैठकीत बॅगा उघड्या पडल्या. एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. आईनं परभणी मोती ज्वारीचं पीठ काढलं, बायकोनं येसर, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, कुरडया आणि सांडगे काढले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, थंडीचे कपडे कुठं ठेवू?’ शेवटी बॅग स्कूटरवर घालून मोंढ्यात नेली आणि ज्या काट्यावर सोयाबीनचे कट्टे मोजतात, त्या काट्यावर ठेवली. तीन किलो जास्त भरली. हमाल म्हणाला, ‘भाऊ, एवढ्या मालाला भाव काय लागला?’ मला उत्तर सुचलं नाही.

तुपाची बरणी मात्र घरीच राहिली. युरोपात बाहेरून येताना दुधाचे पदार्थ स्वतःसोबत नेता येत नाहीत, असा तिथला नियम आहे. आईला हे काही केल्या पटेना. ‘घरच्या तुपानं कुणाचं काय बिघडतंय?’ असं ती दोन दिवस म्हणत होती.

दुसरी अडचण पंचांगाची निघाली. निघायचा दिवस नेमका पितृपंधरवड्यात आला. भाऊबंदांनी फोन करून सांगितलं, ‘पक्षात लेकराला कुठं धाडता? तिकीट पुढं ढकला.’ सत्र ऑक्टोबरात सुरू होणार, तिकीट पुढं ढकललं तर दुप्पट पैसे. मी काही बोलायच्या आत आईनंच निकाल लावला. ती म्हणाली, ‘पितरं काय परकी हायेत का? आपलीच माणसं. लेकराच्या वाटंत कशाला आडवी येतील? उलट सोबत जातील.’ ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं असं म्हटल्यावर भाऊबंदांचे फोन बंद झाले. तिनं लगेच दुसरा निकालही लावला, की मी पण येणार. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी लांबचा प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं होतं. ती म्हणाली, ‘गुडघे गाडीत बसून दुखतात, तसे घरात बसून बी दुखतात.’

सकाळी नऊला निघालो. निघताना आईनं नातीच्या तळहातावर दही घातलं. मुलगी पाया पडली आणि सवयीनं म्हणाली, ‘जाते आज्जी.’ आईनं तिथंच थांबवलं. ‘जाते म्हणू नाही. येते म्हण.’ मुलगी म्हणाली, ‘येते.’ आपल्यापैकी प्रत्येकाला घरातल्या कुणी ना कुणी हे असंच शिकवलेलं आहे. दुकानातून निघणारा माणूसही मला ‘येतो’ म्हणतो, आणि मीही ‘या’ म्हणतो. रोजचं आहे म्हणून त्याच्याकडं आपलं लक्ष जात नाही.

आता हवेबद्दल सांगतो. त्या महिन्याची सुरुवात आपल्याला आठवत असेल. १ आणि २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली, रस्ते तुटले, शेतं खरवडून गेली. त्यानंतर उघडीप मिळाली, आणि उत्तरा नक्षत्र निघताना परत पावसानं फेर धरला. आम्ही निघालो तेव्हा परभणीत स्वच्छ ऊन होतं, रात्रीच्या पावसानं झाडं धुतलेली. राहाटीच्या पुलावर आलो तर पूर्णा दोन्ही काठांना लागून वाहत होती, तांबूस गढूळ. हीच नदी आपण शाळेत असताना उन्हाळ्यात पाहायचो, आणि घरी चार दिवसांआड नळ यायचा. मुलीनं गाडी थांबवायला लावली आणि पुलावरून पाण्याचा फोटो काढला. आईनं खिडकीतूनच नदीला हात जोडले.

वसमतपर्यंत भुरभुर पाऊस लागला. वसमतच्या पुढं हळदीच्या हिरव्यागार रानांवर ऊन आणि पाऊस एकदमच. नांदेडला पोचलो तर पावसाचा थेंब नाही, आणि उकाडा असा की अंगाला कपडे चिकटले. गोदावरी ओलांडली, एका झाडाखाली धपाटे आणि दही खाल्लं. तोपर्यंत गाडीत सगळे एकमेकांशी फार जपून बोलत होते. बायको कागदपत्रं तिसऱ्यांदा मोजत होती. धाकटा मुलगा कानात गाणी घालून बसला होता. माझा मेहुणा ड्रायव्हरशी टायरवर बोलत होता. मीही मुलीला पासपोर्ट कुठं ठेवलास, एवढंच विचारत होतो. ज्या गोष्टीसाठी निघालो तिच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

नायगाव गेलं, नरसी गेलं, आणि समोर आभाळ काळं झालं. मग जो पाऊस आला, तो वायपरला आवरेना. पुढं एका ओढ्याच्या फरशीवरून पाणी चाललेलं, आणि दोन्ही बाजूंना ट्रक, एस.टी., टेम्पो यांची रांग. एक शेतकरी डोक्यावर खताचं पोतं पांघरून उभा होता. तो काचेजवळ येऊन म्हणाला, ‘घाई करू नका. पाऊस उघडला की तासाभरात उतरतंय पाणी. काल एक मोटारसायकल गेली वाहून.’ मेहुण्यानं घड्याळ पाहिलं. मी पाहिलं नाही, कारण सगळे माझ्याकडं पाहत होते.

त्यातच मला वाटेकऱ्याचा फोन आला. लवकर आलेलं सोयाबीन कापून गंजी लावलेली होती, आणि तिकडं परभणीतही पाऊस सुरू झाला होता. ‘भाऊ, ताडपत्री उडाली. अर्धी गंजी भिजली.’ मी म्हटलं, दगड ठेव, माणसं लाव, जेवढं झाकता येईल तेवढं झाक. फोन ठेवला. गाडीत सगळ्यांनी ऐकलं होतं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी शिक्षण झालं की लगेच तिकडंच नोकरी धरते. आधी कर्ज फेडून टाकू.’

मित्रांनो, हे वाक्य मला आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे. पोरगी किती समजूतदार आहे, असं कुणीही म्हणेल. आहेच. तिथं पदवी मिळाली की नोकरी शोधायला अठरा महिने राहायला परवानगी मिळते, ही माहितीही तिच्याजवळ होती. पण जरा थांबून पाहा. घरून निघताना आजीनं तिला ‘येते’ म्हणायला लावलं, आणि दुपारी दोन वाजता गंजी भिजल्याचा फोन आल्यावर तिनं न येण्याचा हिशोब मांडला. दोन्ही प्रेमापोटीच. युरोत कमावल्याशिवाय हे कर्ज फिटत नाही, हे बँकेला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिला माहीत आहे. आपण मुलांना ‘शिकून ये’ म्हणून पाठवतो, पण कागदावर सही करतो ती ‘तिकडंच कमव’ या अटीवर. यात कुणाचा दोष नाही. इथल्या कोरडवाहू जमिनीला दुसरं काय जमणार? पण हे आपण मोठ्यानं बोलत नाही, आणि मग पाच वर्षांनी मुलांवर रुसतो.

त्या ओढ्यापाशी आम्ही सव्वा तास अडकलो होतो. तोच आमचा खरा निरोप. पाऊस टपावर वाजत होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि उतरून कुठं जाता येत नव्हतं. मुलगी पुढं आजीच्या शेजारी सरकली. आणि आईनं एक गोष्ट सांगितली, जी मी छप्पन्न वर्षांत तिच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

१९४८ सालची गोष्ट. आई तेव्हा सहा वर्षांची. रझाकारांच्या भीतीनं आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं निजामाची हद्द सोडून वऱ्हाडात गेली, हे आपण इतिहासात शिकलो. आईचं कुटुंब त्यातलंच. भर पावसात, रात्री, एका बैलगाडीत तिघं लेकरं, आजारी म्हातारी, पिठाचं गाठोडं आणि हंडा, आणि वाशिमकडची वाट. ‘बापानं दाराला कुलूप लावलं,’ आई म्हणाली, ‘आन् रिकाम्या घराला म्हणाला, येतो. आमी हसलो. मायनं तोंडावर हात ठेवला, आवाज करू नका म्हणून.’ १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मोकळं झालं आणि दिवाळीच्या आधी ते परत आले. घर अर्धं पडलेलं होतं. पण बाप म्हटल्याप्रमाणे आला होता.

नात म्हणाली, ‘आज्जी, आणि आज आपण हैदराबादलाच चाललो.’ आई म्हणाली, ‘मंग? गाव वाईट नसतं बाई. दिवस वाईट असतात.’ हैदराबादचं नाव काढलं की जिच्या माहेरी दिवा विझवायचे, ती बाई त्या दिवशी नातीला सोडायला स्वतःहून हैदराबादला निघाली होती. मला वाटतं, त्यासाठीच तिला यायचं होतं.

मग प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा माहेरहून निघतानाचं सांगितलं. धाकट्यानं कानातली वायर काढली आणि बहिणीला म्हणाला, ‘तुझी खोली मी घेणार नाही.’ त्याला एवढंच बोलता आलं, आणि तिला ते पुरलं.

पाणी उतरलं. एका ट्रकच्या मागोमाग आमची गाडी हळूहळू फरशीवरून पार झाली. देगलूर आलं तोवर ऊन पडलं होतं आणि पूर्वेला अख्खं इंद्रधनुष्य. पुढं तेलंगणाची हद्द लागली, पाट्या तेलुगूत झाल्या, आणि आई म्हणाली, ‘आता वाचता येत नाही, तर मी झोपते.’ संगारेड्डीला अंधार पडला, वारं गार सुटलं. तिथून बाहेरचा वळणरस्ता धरून शमशाबादला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. विमान मध्यरात्रीनंतरचं. सव्वा तास गेला तरी वेळ हाताशी होता, कारण ड्रायव्हरनं सकाळीच सांगितलं होतं, ‘पावसाचे दिवस आहेत भाऊ, तीन तास जास्तीचे धरा.’ ज्यांना असं जायचं आहे, त्यांनी हे लिहून ठेवा.

आपल्या वेळचा निरोप आठवतो का? १९८५ नंतर तुमच्यातले कितीतरी जण पुण्याला, मुंबईला शिकायला निघाले. तेव्हा मीटरगेज होतं, मनमाडला गाडी बदलायची. मी किती जणांना परभणी स्टेशनवर सोडायला आलो होतो याचा हिशोब नाही. फलाट तिकीट काढायचं, डब्यात चढून जागा धरायची, पेटी बाकाखाली सरकवायची, खिडकीतून हात धरायचा. गाडी सुटली तरी फलाट संपेपर्यंत खिडकीसोबत चालता यायचं. आपले एक सर तर घरून डबा घेऊन आले होते, एका मुलाला आई नव्हती म्हणून. ते सर आज इथं बसलेले आहेत. मी नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही.

विमानतळावर खिडकी नाही. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, आणि ज्याचं तिकीट त्यालाच आत सोडतो. दाराच्या अलीकडं आख्खं गाव आणि पलीकडं एक लेकरू. शेजारी निजामाबादकडचं एक कुटुंब होतं, दहा-बारा माणसं. त्यांचा तरुण मुलगा आखातात कामाला चालला होता. दोरीनं बांधलेलं खोकं, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि कडेवर वर्षाचं मूल. आमच्या मुलीजवळ विद्यापीठाचं पत्र, त्याच्याजवळ मजुरीचा करार. पण त्याच्या आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तो माझ्या आईनं फिरवला तसाच. माझ्या आईला तेलुगू येत नाही, त्या माउलीला मराठी येत नाही. दोघी थोड्या वेळानं एकाच बाकावर बसलेल्या दिसल्या.

मुलीनं आजीला मिठी मारली आणि ‘येते’ म्हणाली. या वेळी कुणी आठवण करून द्यावी लागली नाही. काचेतून ती सामानाच्या रांगेपर्यंत दिसली. मग एका खांबाआड गेली. बॅग मात्र बरोबर बावीस किलो आठशे ग्रॅम भरली, असा तिचा निरोप आला. मोंढ्याचा काटा खरा निघाला.

आता ज्या भागाबद्दल कुणी बोलत नाही, त्याबद्दल बोलतो. परतीचा प्रवास. जाणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. ती जागा रिकामी असते, आणि त्या जागेवर कुणी सरकून बसत नाही. आमच्या गाडीत पावसाळ्याची गार हवा होती, मध्यरात्रीनंतर अर्धा चंद्र वर आला, ओढ्यावर पाणी नव्हतं, रस्ता मोकळा होता. जाताना साडेबारा तास लागले होते, येताना आठ. चहाच्या एका टपरीवर ड्रायव्हरनं सवयीनं सात चहा सांगितले. सातवा आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आई म्हणाली, ‘ठेव, मी पिते.’ आणि तिनं दोन चहा प्यायले. साखर वाढते म्हणून एक चहासुद्धा अर्धा पिणारी बाई.

सकाळी घरी आलो. मी तसाच शेतावर गेलो. गंजीचा खालचा थर काळा पडला होता, वरचा वाचला होता. मुलीचा फोन आला, पोचली म्हणून. तिच्याकडं अजून पहाटच होती. आईनं स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ टांगायला लावलं, साडेतीन तास मागं. ऑक्टोबराच्या शेवटी तिकडची घड्याळं एक तास मागं करतात, तेव्हा ते साडेचार तास मागं केलं. मार्चच्या शेवटी परत पुढं. आईला अक्षरं कमी येतात, पण फ्रँकफर्टची वेळ विचारा, बिनचूक सांगते.

मित्रांनो, ‘येते’ या शब्दाचा मी वर्षभर विचार केला. आपण तो मुलांकडून वदवून घेतो, जणू ते त्यांनी दिलेलं वचन आहे. पण कर्ज, नोकरी, व्हिसा, उद्या लग्न, लेकरं, यातलं त्यांच्या हातात किती आहे? आईच्या बापाच्या हातात तरी काय होतं? त्याला घर उभं दिसेल की नाही हेही माहीत नव्हतं. तरी तो घराला ‘येतो’ म्हणाला, कारण घर त्याला ‘ये’ म्हणणारं होतं. म्हणून मला वाटतं, तो शब्द जाणाऱ्यानं म्हणायचा असला तरी तो पाळायचं काम मागं राहणाऱ्याचं आहे. येणाऱ्याला यावंसं वाटेल असं काही इथं शिल्लक ठेवणं आपल्याकडं लागतं. दार उघडणारं माणूस, बसायला ओटा, ओळखीचा एखादा चेहरा. आणि येणं दर दोन वर्षांनी पंधरा दिवसांचं असलं, तरी तेही येणंच आहे. त्याला कमी समजू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातून, गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर लेकरं. त्यांना सोडायला कुणी जात नाही, फोटो काढत नाही. आपल्यातले जे शिक्षक झाले, त्यांना विचारा, दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावर किती नावांपुढं रेघा लागतात. ती मुलंही मार्च-एप्रिलात परत येतात. ती येतील तेव्हा वर्गात त्यांची जागा असावी, हेही त्याच शब्दात बसतं. हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांना चादरी, वह्या, संध्याकाळी अभ्यास घेणारा माणूस लागतो. हे आपण करू शकतो.

म्हणून एक छोटी सूचना मांडतो आणि थांबतो. दाराशेजारच्या टेबलावर मी एक जाड वही ठेवलेली आहे. परभणीत, सेलूत, जिंतुरात, मानवतला, जिथं कुठं आपल्या तुकडीतले लोक किंवा आपले शिक्षक मुलांपासून लांब, एकटे किंवा दोघंच राहत असतील, त्यांनी आपलं नाव आणि पत्ता लिहावा. जे गावात आहेत, त्यांनी दुसऱ्या बाजूला लिहावं, की मला रात्री कधीही हाक मारा. दवाखान्यात न्यायचं असेल, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं असेल, मोबाइलवर नातवाचा चेहरा लागत नसेल, किंवा विमानतळावरून परत येताना गाडीत सोबत हवी असेल. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जाताना गाडी भरलेली असते. येताना एखादा मित्र शेजारी बसायला हवा.

जे बाहेर राहतात, पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत, जर्मनीत, त्यांनीही लिहावं. फक्त एवढंच, की पुढच्या वेळी कधी येणार. तारीख नसली तरी चालेल, महिना लिहा. आम्हाला ज्वारी दळून ठेवायला बरं पडतं.

पहिलं नाव मी माझ्या आईचं लिहिलं आहे. आणि समोरच्या बाजूला माझं.

सगळ्या सरांना, बाईंना नमस्कार करतो. तुम्ही आम्हाला फलाटापर्यंत सोडायला आला होता. येतो.